राहते कुठं आणि झोपते कुठं

आमच्या घरकुलांच्या शेवटच्या ओळीत, अगदी कोपऱ्यावर, एका बाईचं घर आहे. सगळे तिला कोपऱ्यावरचीच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. तिचा नवरा दिग्रसला कापसाच्या जिनिंगात कामाला गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. तिला एक मुलगी, आठवीत शिकते. बाई मजुरीला जाते, निंदणाला, कापूस वेचायला, जे मिळेल ते. घरकुल तिच्या स्वतःच्या नावावर आहे. नगरपरिषदेनं आम्हा सगळ्यांना दिलं तसंच, एक खोली, स्वयंपाकाची जागा, मागच्या बाजूला संडास. फरक इतकाच की तिच्या पलीकडे कोणाचं घर नाही. पलीकडे वाचनालय आहे आणि वाचनालयाच्या मागे नाला.

वाचनालय हे नुसतं नाव. नगरपरिषदेनं खोली बांधली, पुढे ओटा काढला, भिंतीवर निळ्या अक्षरात नाव रंगवलं. पुस्तकं आलीच नाहीत. आधी दाराची कडी गेली, मग दार गेलं, मग खिडकीचे गज गेले. दिवे लागायच्या वेळेला तिथं पिणारे जमू लागले. काही आमच्याच वस्तीतले, काही हायवेवरच्या ढाब्यावरून उठून आलेले. समोरच्या खांबावरचा दिवा त्यांनीच दगड मारून फोडला. ते आपसात शिव्या देत बसायचे तोवर आम्ही कानाडोळा केला. मग कोपऱ्यावरचीच्या दारावर थापा पडायला लागल्या. "पाणी दे वो बाई," असं म्हणत. पाणी दिलं तरी जात नसत. एका संध्याकाळी मुलगी मागे संडासला गेली, तर एक जण भिंतीला टेकून तिची वाट अडवून उभा. मुलगी ओरडली म्हणून तो हसत हसत निघून गेला.

त्या दिवसापासून मायलेकी झोपायला आमच्याकडे येऊ लागल्या. माझे मालक जिनिंगात रात्रपाळीचे रखवालदार आहेत, ते संध्याकाळी जातात ते सकाळीच येतात. लेक लग्न होऊन केळापूरकडे गेली. घरात मी आणि सासू दोघीच. सासूला मी मायच म्हणते. जेवण करून, भांडी घासून, दाराला कुलूप लावून दोघी यायच्या. पहाटे उठून परत आपल्या घरी. चूल तिकडे, कपडे तिकडे, मुलीची पुस्तकं तिकडे, कोंबड्या तिकडे. आमच्याकडे फक्त पाठ टेकायला.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासूनच तसं आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले तर मास्तरांना माझा आवाज कसा आहे हेच माहीत नव्हतं. दुकानात गेले तर अजूनही बोट दाखवून सामान घेते. म्हणूनच मला समितीत घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या वॉर्डात घरकुलांवर आणि वस्तीच्या सुरक्षेवर लक्ष ठेवायला एक समिती होती. तिच्यात दोन बायका असाव्या लागतात. आमचे नगरसेवक, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, घरी आले तेव्हा माय पुढे होऊन म्हणाली, "माह्यं नाव लिव्ह ना बाप्पा." भाऊ हात जोडून हसले, "नाई माय, तू भांडतं. वहिनीचं लिव्हतो. वहिनी शांत हाये."

समितीची बैठक म्हणजे पाच खुर्च्या. आम्ही दोघी बायका कडेच्या खुर्च्यांवर. भाऊ हात वर करायचे, मग बाकीचे करायचे, मग आम्ही करायचो. चहा यायचा. झालं.

मग घरकुलांची तपासणी निघाली. कोण राहतं, कोणी भाड्यानं दिलं, कोणी कुलूप लावून ठेवलं, ते पाहायला घरकुल विभागाचे साहेब आले. मी त्या दिवशी कापूस वेचायला गेले होते. साहेब ऊन चढल्यावर आले, तेव्हा कोपऱ्यावरचीही कामावर निघून गेली होती आणि मुलगी शाळेत. दाराला कुलूप. साहेबांनी आमच्या ओट्यावर बसलेल्या मायला विचारलं, ही बाई कुठं गेली?

मायचा स्वभाव असा, की आपण कोणाला आसरा दिला तर ते चार लोकांना कळलंच पाहिजे. ती छाती पुढे काढून म्हणाली, "कुठी जाईन थे? थे तं आमच्याच घरी राह्यते! आमीच सांभाळतो दोघी मायलेकीले."

"किती दिवस झाले?"

"गंज दिवस झाले साहेब. माह्या घरी तिले काई कमी नाई."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढे गेले. मायला वाटलं, साहेब खूश झाले. दिवसभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, नगरपरिषदेत आपलं नाव झालं म्हणून.

चार-सहा दिवसांनी कोपऱ्यावरचीच्या दाराला नोटीस चिकटली. मुलीनं ती मोठ्यानं वाचली. लाभार्थी घरकुलात राहत नाही, दुसऱ्याच्या घरी राहते, सबब घरकुल रद्द का करू नये. समितीची सहमती घेऊन पुढची कारवाई. आम्ही सगळ्या ओट्यासमोर उभ्या होतो. माय आधी हसली. तिला वाटलं दुसऱ्याच कोणाचं असेल. मग तिनं मुलीला परत वाचायला लावलं. 'दुसऱ्याच्या घरी राहते' हे ऐकून ती खाली बसली.

"मी तसं नोहोतं म्हटलं," ती म्हणाली. "राह्यते म्हंजे... राह्यते म्हंजे झोपाले येते. हे काय बोलनं झालं? त्याइले मराठी समजत नाई काय?"

कोपऱ्यावरचीनं नोटीस नखानं उकरून काढायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "आई, काढू नको, काढलं तं गुन्हा लागते." तिचा हात तसाच दारावर राहिला. हे घर गेलं तर तिला जायला जागा नव्हती. माहेरी भाऊ बोलवत नव्हते आणि दिग्रसला कोण विचारतं.

बैठक वाचनालयाच्या ओट्यावरच ठेवली होती, दुपारी. पाच खुर्च्या मांडल्या, साहेबांसाठी सहावी. समोर जमिनीवर वस्तीतली माणसं, बायका, पोरं. ओट्याच्या कोपऱ्यात फुटलेल्या बाटल्या होत्या, त्या कोणीतरी घाईनं पायानं सरकवून भिंतीकडे केल्या होत्या. कोपऱ्यावरची सगळ्यांच्या मागे उभी होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "हे पाहा, मला काही या बाईंचं वैर नाही. पण गावात कितीतरी लोक झोपडीत राहून राह्यले. यादीत नाव लागून बसले. आणि इथं बांधलेलं घर बंद. त्यांना मी काय सांगू?"

खरं होतं ते. खाली बसलेल्यांपैकीही दोन-चार माना हलल्या. भाऊ म्हणाले, "बरोबर हाये साहेब. नियम म्हंजे नियम. समितीची हरकत नाई." आणि त्यांनी हात वर केला. मग बाकीच्या दोघा गड्यांनी केला. मग दुसऱ्या बाईनं, पदर सावरत, अर्धा.

माझा हात मांडीवर होता. तो उचलायचा तर मला तो उचलता येईना. घाबरले म्हणून नाही. मी नेहमीच घाबरलेली असते, पण हात तर दर बैठकीला उचलते. त्या दिवशी तो उचलायचाच नव्हता.

"वहिनी," भाऊ हळूच म्हणाले, "हात."

मी मान खाली घालून म्हटलं, "नाई."

"काय नाई?"

"नाई करत मी वर."

साहेब वाकून पाहायला लागले. खाली कुजबूज सुरू झाली. पण एकदा तोंड उघडलं होतं. मी साहेबांकडे न पाहता, त्यांच्या बुटांकडे पाहून बोलले.

"थे राह्यते तिथंच. चूल तिथं पेटते तिची. आमच्या घरी फक्त झोपाले येते."

"बाई, माणूस रात्री जिथं झोपतो तिथंच राहतो, असंच धरतात," साहेब म्हणाले.

"मंग माह्ये मालक जिनिंगात झोपते. रखवालीले. त्याइच्या नावानं घरकुल हाये. थे बी काढता काय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मागून एका बाईनं आवाज दिला, "माह्या घरवाला डायवर हाये साहेब, थो ट्रकात झोपते. ट्रकाले नंबर टाका घरकुलाचा!" मग तर सगळेच हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "मी वावरात मांडवावर झोपतो, डुकरं हाकलाले. मांडव माह्या नावानं करून द्या." साहेबही हसले. भाऊ मात्र हसले नाहीत.

"वहिनी, आजपावतर एक शब्द बोलल्या नाई तुम्ही. कोनं शिकवून धाडलं?"

"कोनं नाई."

"तुमच्या घराची बी तपासणी करावं लागीन मंग."

मला हे अपेक्षित नव्हतं. आपण आपल्याच घराचं नाव पुढं केलं, हे तेव्हा लक्षात आलं. पण परत फिरायला जागा नव्हती. मी म्हटलं, "करा. पन तिले विचारा ना आधी, थे काहून येते आमच्या घरी झोपाले. तुम्ही कोनीच नाई विचारलं. नोटिशीत बी नाई लिव्हलं. तुम्ही ज्या ओट्यावर बसून राह्यले साहेब, तिथंच संध्याकाळी बसून पाहा. मंग सांगा, तुमची पोरगी तुम्ही त्या घरात झोपू देता काय."

आता कोणी हसलं नाही. साहेबांनी मागे वळून भिंतीकडे सरकवलेल्या बाटल्या पाहिल्या. वाचनालयात कोण बसतं हे भाऊंना ठाऊक होतं, त्यातले दोघे तर त्यांच्याच मागे-पुढे फिरणारे. ते दोघे त्या वेळी मागे उभे होते आणि नखं पाहत होते.

साहेब उठताना म्हणाले, "फेरतपासणी करतो. न सांगता येईन, संध्याकाळचा येईन. बाई घरात दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर माझ्या हातात काही नाही."

सकाळी मालक घरी आले ते चहा न घेता दारात उभे राहिले. गोष्ट जिनिंगापर्यंत पोचली होती. "तू बोलली?" त्यांनी विचारलं. एकदा नाही, तीनदा. मग म्हणाले, "आपलं घर गेलं तं कुठी जाऊ आपण?"

मी म्हटलं, "गेलं तं पाहू. पन तिचं कायले जाईन आधी?"

ते हात-पाय धुऊन आले आणि खूप वेळ भाकर कुस्करत बसले. शेवटी म्हणाले, "नगरसेवकासमोर?" आणि मग त्यांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी पाण्याचा गिलास तोंडाला लावला.

आता खरी अडचण पुढे होती. कोपऱ्यावरचीला संध्याकाळपासून घरात राहायचं, आणि भीती तर तशीच होती. पोलिसांच्या बीटच्या जमादारांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, गस्त वाढवतो. गस्त एक दिवस आली. मोटारसायकलचा उजेड ओळीवरून फिरवून गेली.

तेव्हा माय म्हणाली, "तुरीच्या शेंगा सोलाच्या हायेत ना सगळ्याइले? मंग तिच्याच ओट्यावर बसून सोलू."

एवढंच. त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांच्या घरी हिरव्या शेंगा असतात. मजुरीला गेलं की वावरवाले पदरात घालतात, सोल्यांच्या, म्हणजे ओल्या दाण्यांच्या, आमटीसाठी. ऊन उतरलं की आम्ही टोपल्या घेऊन कोपऱ्यावर जायला लागलो. पहिल्या दिवशी आम्ही थोड्या. ड्रायव्हरची बायको तिचा चार्जिंगचा दिवा घेऊन आली. दुसऱ्या ओळीतली कोलाम आदिवासी म्हातारी आली, ती कोणाशी फार बोलत नाही, पण शेंगा सोलण्यात तिचा हात फार चालतो.

वाचनालयात माणसं आलीच. आम्हाला पाहून थबकली. मग आत जाऊन बसली आणि मुद्दाम मोठ्यानं बोलू लागली. काय बोलत होती ते इथं लिहीत नाही. आमच्यातल्या दोघी उठायला लागल्या. मी शेंग सोलायला जावं तर दाणे खाली पडत. कोपऱ्यावरचीनं मुलीला आत पाठवलं. माय म्हणाली, "बाहीर बस पोरी. तुह्याच घराचा ओटा हाये."

त्यातला एक बाहेर आला. मला ओळखणारा होता. "वहिनी, कायले थंडीत बसता? घरी जा ना. इथं मानसं बसते."

माझ्या आधी मायनंच उत्तर दिलं. "आमी वाचाले आलो बाप्पा. हे वाचनालय व्हय ना? तुम्ही पुस्तक वाचून राह्यले वाटते आतमंधी. वाच ना जराक मोठ्यानं, आमी बी आयकतो."

बायका इतक्या हसल्या की कोलाम म्हातारीच्या हातातली टोपली कलंडली. तो माणूस आत गेला. आतल्या लोकांनाच त्याचं हसू आलं, आणि ते त्यानं मनावर घेतलं असावं, कारण थोड्या वेळानं एक बाटली ओट्याजवळ येऊन फुटली. काचा टोपलीत उडाल्या. त्या दिवशीच्या शेंगा फेकाव्या लागल्या. कोणी उठलं नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. दोघी गेल्या. बाकीच्या आम्ही बसून राहिलो, कारण उठलो असतो तर उद्या परत बसायची हिंमत झाली नसती.

दुसऱ्या दिवशी गेलेल्या दोघी परत आल्या, आपापल्या सासवांना घेऊन. मग मुली दप्तरं घेऊन येऊ लागल्या, कारण उजेड तिथं होता. एके दिवशी आम्ही दुपारीच वाचनालय झाडलं, धुतलं, आणि आतच चटया टाकून बसलो. पिणारे आले तेव्हा जागा भरलेली होती. ते दारात उभे राहिले, दार नसलेल्या दारात, आणि मायनं विचारलं, "या, बसता काय? सोलू लागा." ते नाल्याच्या पुलाकडे गेले. गावातून गेले नाहीत, पुलावरच गेले, हेही खरं. तिथून शिट्ट्या यायच्या. अजूनही कधी येतात.

साहेब आले तेव्हा कोपऱ्यावरची भाकरी थापत होती आणि तिच्या ओट्यावर वस्तीतल्या निम्म्या बायका होत्या. त्यांनी विचारलं, "इथं कोण राहतं?"

सगळ्यांनी मायकडे पाहिलं. मायनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि डोळ्यांनी कोपऱ्यावरचीकडे खूण केली.

"मी राह्यतो," कोपऱ्यावरची म्हणाली. तवा उतरवून ती बाहेर आली. "मी आन माह्यी पोरगी. खाता काय भाकर?"

साहेबांनी भाकर खाल्ली नाही, पण आत जाऊन चूल पाहिली, दोरीवरचे कपडे पाहिले. बाहेर येऊन अंधाऱ्या खांबाकडे पाहत ते म्हणाले, "नोटीस मागं घ्यायला लिहितो." जाताना मला म्हणाले, "तुमच्याही घराची तपासणी आहे उद्या. भाऊंचा अर्ज आहे." मी म्हटलं, "या. सकाळी या, मालक घरी असते." ते दुसऱ्या दिवशी आले. मालक झोपलेले होते. साहेबांनी दारातूनच पाहिलं आणि हसून गेले.

नोटीस मागे घेतल्याचं कळलं त्या दिवशी कोपऱ्यावरची आमच्याकडे आली आणि आपली गोधडी काखेत मारून निघाली. माय रागावली. "आमच्या घरी काय काटे होते काय तुले?"

"काटे नोहोते माय," ती म्हणाली. "पन झोपून पाह्यतो आज तिकडं. घर माह्यं हाये ना."

त्यानंतरच्या बैठकीला मी गेले तर माझी खुर्ची नव्हती. साहेबांची सोडून चारच खुर्च्या मांडलेल्या. भाऊ म्हणाले, "वहिनी, समितीत थोडा बदल केला. तुमचं नाव काढलं. दुसरी बाई पाहू. कामाचा तरास होते ना तुम्हाले."

मी खाली बायकांत जाऊन बसले. चटईवर जागा होती. चहा वर फिरला, खाली आला नाही. भाऊंनी पावसाळ्याआधी नाली साफ करायचं सांगितलं, कोणाच्या घराला गळती आहे ते विचारलं, मग म्हणाले, चला, झालं, कोणाचं काही नाही ना?

खुर्चीवरून बोलले होते तेव्हा साहेबांचे बूट दिसत होते, आता खाली बसल्यावर ते अगदी नाकासमोर होते. मी हात वर केला. कोणी करायला सांगितला नव्हता.

"खांबावरचा लाईट कधी लावता भाऊ?"

"पाहू ना वहिनी."

"कधी पाहता?"

भाऊंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कागद आवरत होते. माझ्या शेजारी कोपऱ्यावरची बसली होती, मांडीवर मुलीचं डोकं घेऊन. तिनंही हात वर केला.

"हाव," ती म्हणाली. "कधी?"